फर्लोचे कागद वाचायला निघण्याआधी

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला एखादा गोरा अधिकारी रजेवर गेला तेव्हा त्याच्या हाती किती पैसे पडत, हे शोधायला दफ्तरखान्यात जाणार असाल, तर पहिली तयारी घरीच करा. ‘फर्लो’ हा शब्द आज आपल्याला कैद्यांच्या बातम्यांत भेटतो. त्या कागदांत मात्र त्याचा अर्थ युरोपला जाण्याची लांब रजा असा आहे. साधी रजा आणि फर्लो यांची टिपणं वेगळ्या पानांवर ठेवा, नाहीतर पुढचे सगळे हिशेब चुकतील.

वहीत दोन रकाने आखा, एक पगाराचा आणि एक भत्त्याचा. हे काम आधी कराच. अधिकाऱ्याच्या मिळकतीत मूळ पगार थोडा असे. खरी भर पडे ती भत्ता, तंबूखर्च असल्या रकमांची. युरोपात पाऊल ठेवलं की हे सगळं बंद होई आणि हुद्द्याचा नुसता पगार उरे. पायदळातल्या कॅप्टनला दिवसाला साडेदहा शिलिंग, म्हणजे वर्षाला सुमारे १९१ पौंड. हा आकडा कागदावर लिहून जवळ ठेवा. १७९६ च्या नियमांनी हा पगार तरी मिळू लागला: हिंदुस्थानात दहा वर्षं नोकरी झाली की तीन वर्षांची फर्लो. दहा वर्षं भरण्याआधी पगारासकट जायचं, तर आजारपणाचा दाखला लागे.

ही तीन वर्षं जाण्यायेण्याच्या प्रवासासकट मोजली जात. म्हणून तारखांची वेगळी पट्टी तयार करा आणि तीवर जहाजाचं नाव लिहायला जागा सोडा. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाताना एका बाजूलाच चार ते सहा महिने लागत. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० साली महिन्याभरात सुएझला पोचली. तो मार्ग रुळल्यावर त्याच तीन वर्षांत घरी राहायचे महिने किती वाढले असतील, ते दोन तारखा समोर ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही. इंग्लंडला उतरल्यावर अधिकाऱ्याला लंडनच्या कचेरीत पत्र पाठवून आल्याची तारीख आणि जहाज कळवावं लागे. ही पत्रं सापडली तर पट्टी भरायला फार मदत होते.

‘केप’ हा शब्द दिसला की थांबा. दक्षिण आफ्रिकेतलं हे केप कंपनीच्या हद्दीत धरलं जाई, म्हणून तिथे हवापालटाला गेलं, तर भत्ते चालू राहत. त्यामुळे इंग्लंडला आई-वडील असूनही कितीतरी आजारी अधिकारी दक्षिण आफ्रिकेत महिनोन्महिने काढत. १८५४ च्या नव्या नियमांनंतर युरोपची रजा परवडू लागली आणि केपची गर्दी ओसरली. मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात बोलकं प्रकरण हेच वाटतं, कारण इथे माणसाची तब्येत कुठे सुधारायची हे पगाराचे नियम ठरवत होते. महाबळेश्वरच्या नोंदीही याच नजरेने पाहा. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने तिथे आरोग्यस्थान उभारल्यावर प्रांत न सोडता हवापालट शक्य झाला.

आता जागा. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार. ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज, संस्थेचं पत्र असल्यास तेही, आणि पेन्सिली. लंडनला गेलात तर ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याचे, कागद आहेत. मुंबई फौजेच्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी ‘एल/मिल/१२’ या मालिकेत मिळतात. जाण्याआधी छापील आर्मी लिस्ट चाळून अधिकाऱ्याचं पूर्ण नाव, पलटण आणि भरतीचं साल काढून ठेवा, कारण एकाच आडनावाचे चौघे-पाचजण सहज निघतात. जुन्या मुंबईच्या वर्तमानपत्रांत रजेचे लष्करी हुकूम छापून येत, तेही पाहा.

तुमचे पूर्वज कोकणातून पलटणीत गेले असतील, तर एक कोरी वही त्यांच्यासाठी घ्या. तीन वर्षांची पगारी फर्लो गोऱ्या अधिकाऱ्यांची होती. शिपाई आणि सुभेदार तिच्यात धरलेले नव्हते. त्यांची रजा पलटणीच्या हजेरीपटांत शोधायची, आणि त्यासाठी गावाचं नाव जुन्या इंग्रजी लिखावटीत कसकसं लिहिलं गेलं असेल, त्याचे चार-पाच प्रकार आधीच लिहून न्या.