उजेड डोळ्यावर येतोय? आधी त्या खुर्चीत बसा

सांगलीत एका ऑफिसात मी ३६ वॅटचे, दोन बाय दोनचे सहा एलईडी पॅनल बसवले. आठवड्यात फोन आला. जाऊन बघतो तर अकाउंटंट मॅडम क्रिकेटची टोपी घालून टॅलीत एंट्र्या मारतायत! टेबलावर लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) ठेवला : ५२० लक्स. ऑफिसला ५०० लागतात. "उजेड बरोबर आहे," म्हणालो. "असेल हो, पण बसून बघा ना इथं." बसलो आणि गप्प झालो.

लक्स मीटर टेबलावर पडणारा उजेड मोजतो, डोळ्यात घुसणारा नाही. दिवा किती झगझगीत, केवढा, नजरेच्या किती जवळ आणि मागचं छत किती काळोखं, या सगळ्याचा हिशेब म्हणजे यूजीआर (युनिफाइड ग्लेअर रेटिंग), डोळ्याला खुपणाऱ्या चमकेचा आकडा; जितका कमी तितकं बरं. ऑफिसात हा आकडा १९ च्या आत हवा, ड्रॉइंगच्या कामाला १६. खोक्यावर '१९ पेक्षा कमी' छापलेलं असतं, पण तो आकडा ठरावीक मापाच्या खोलीचा. तुमच्या खोलीचा हवा असेल तर डायलक्स हे उजेडाचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात टाकायला कंपनीकडून दिव्याची आयईएस फाइल (दिवा कुठल्या दिशेला किती उजेड टाकतो त्याची नोंद) मागून घ्या.

तोवर हात आणि आरसा पुरेत. संध्याकाळी, खिडकीचा उजेड गेल्यावर, खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघा. कपाळावर तळहाताची झापड धरा, काढा, पुन्हा धरा. झापड धरल्यावर डोळे सैलावले तर दोष वरच्या दिव्याचा. मग छोटा आरसा कागदाच्या जागी आडवा ठेवा, नंतर स्क्रीनला टेकवून धरा. आरशात जो पॅनल दिसेल, तोच त्या जागी चमक मारतोय.

आता उपाय. डिमर लावायची घाई करू नका. सगळे दिवे निम्मे केले तरी यूजीआर जेमतेम २.४ ने उतरतो, कारण छतही तेवढंच काळवंडतं. टेबलावर मात्र २६० लक्सच उरतात. त्यापेक्षा आधी टेबल असं फिरवा की दिव्यांच्या रांगा समोर न येता दोन्ही बाजूंना राहतील. खर्च शून्य. मग नडणाऱ्या पॅनलला मायक्रोप्रिझमॅटिक डिफ्यूझर, म्हणजे तिरपा उजेड आवरणारं बारीक प्रिझमांचं झाकण. आणि छत-भिंती पांढऱ्या. त्या ऑफिसात फॉल्स सीलिंग चॉकलेटी होतं, मालकांची हौस! मागची पार्श्वभूमी दुप्पट उजळली की तेच २.४ कमी होतात, तेही टेबलावरचा उजेड न घटवता.

बदल केल्यावर पुन्हा तपासा, पण खुर्चीची उंची न हलवता. मी माझ्या उंचीला खुर्ची वर घेतली होती. मॅडमनी ती खाली केली आणि आरशात वेगळाच पॅनल आला.