भयकादंबऱ्या आणि थ्रिलर यांवर स्वतःचे मत कसे लिहावे

भयकादंबरी वाचून झाली की बहुतेक वाचक दोनांपैकी एक वाक्य बोलतात : 'रात्रभर झोप लागली नाही' किंवा 'मला तर काहीच वाटले नाही'. दोन्ही वाक्ये खरी असू शकतात; परंतु ते पुस्तक घ्यावे की न घ्यावे या विचारात असलेल्या दुसऱ्या वाचकाच्या हाती त्यांतून काही लागत नाही. भीती कोणत्या प्रसंगी वाटू लागली, लेखकाने ती कशाच्या बळावर उभी केली आणि ती कुठे विरून गेली, एवढे सांगता आले की प्रतिकूल मतही उपयोगी पडते. असे मत लिहिण्यासाठी समीक्षकाची परिभाषा लागत नाही, थोडी शिस्त मात्र लागते.

शिस्तीची सुरुवात वाचतानाच करावी. पेन्सिल जवळ ठेवावी, पण टिपणांचा पसारा मांडू नये. कोणत्या पानावर पुस्तक नकळत मिटवले, कोणते परिच्छेद गाळून पुढे गेलो आणि कशासाठी मागची पाने पुन्हा उलटली, एवढ्याच तीन जागांवर खूण करावी. पुस्तक संपल्यावर आपली स्मृती शेवटच्या पन्नास पानांच्या प्रभावाखाली असते आणि मधल्या कंटाळ्याला ती सहज माफ करते. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'चे (1897) उदाहरण घेता येईल. ही कादंबरी म्हणजे दैनंदिन्या, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतील कात्रणे यांची जुळणी आहे. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकलेल्या जोनाथन हार्करच्या दैनंदिनीची पहिली चार प्रकरणे आणि 'डिमिटर' जहाजाच्या कप्तानाची रोजनिशी येथे माझ्या खुणा दाट आहेत. ड्रॅक्युलाचा माग काढणाऱ्या प्राध्यापक व्हॅन हेलसिंगची लांबलचक भाषणे सुरू झाल्यावर मात्र गाळलेल्या परिच्छेदांच्या खुणा वाढत जातात. केवळ आठवणीवर विसंबून लिहिले असते, तर 'अप्रतिम अभिजात कादंबरी' असे ठरीव विधान करून मी मोकळा झालो असतो.

दुसरी पायरी म्हणजे जे वाटले ते नेमके काय होते हे ठरवणे. भयकादंबरीकार स्टीफन किंगने 'डान्स माकाब्र' (1981) या आपल्या विवेचनग्रंथात भयाच्या परिणामाच्या तीन पातळ्या मांडल्या आहेत. काही दिसत नसताना मनाने कल्पिलेले भय ही त्याच्या मते सर्वांत वरची पातळी. समोर दिसणाऱ्या अभद्र गोष्टीने उडणारा थरकाप ही त्याखालची. आणि निव्वळ किळस ही सर्वांत खालची. वरची साधली नाही तर आपण खालच्या पायरीवर उतरतो आणि तीही साधली नाही तर किळसही वापरतो, असे तो प्रांजळपणे मान्य करतो. वाचकाने ही वर्गवारी जरूर उसनी घ्यावी. शर्ली जॅक्सनच्या 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'मध्ये (1959) अंधारात हात घट्ट धरून बसण्याचा जो प्रसंग आहे, तो पहिल्या पातळीचा नमुना आहे : त्यात रक्ताचा थेंब नाही, भूत दिसत नाही, आणि भीती एका लहानशा वाक्यानंतर आपल्याच डोक्यात तयार होते. उलट विल्यम पीटर ब्लॅटीची 'द एक्झॉर्सिस्ट' (1971) किळसवाण्या प्रसंगांसाठी प्रसिद्ध असली, तरी माझ्या मते तिचे बळ त्या प्रसंगांत नाही. मुलीच्या आजाराचे एकेक वैद्यकीय स्पष्टीकरण तपासले जाते, डॉक्टर थकतात, मानसोपचाराचे मार्ग संपतात आणि स्वतःच्या श्रद्धेविषयी साशंक झालेल्या धर्मगुरूपर्यंत गोष्ट येऊन ठेपते. दारे एकामागून एक बंद होत जाण्याची ही प्रक्रियाच भयावह आहे. 'किळस आली' एवढेच लिहिणारा वाचक या कादंबरीचा अर्धा भाग न सांगताच सोडतो.

थ्रिलरच्या बाबतीत भयाऐवजी उत्कंठेची चौकशी करावी आणि ती 'पुढे काय होणार' या एकाच प्रश्नावर उभी आहे असे गृहीत धरू नये. फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल' 1971मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रान्सचे अध्यक्ष चार्ल्स द गॉल यांच्या हत्येचा कट हा तिचा विषय. आणि द गॉल तर 1970मध्ये आपल्या घरी नैसर्गिक मृत्यूने गेले होते. म्हणजे कट फसणार हे पहिल्या वाचकालाही ठाऊक होते. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, कारण फोर्सिथ 'होईल का' हा प्रश्न बाजूला सारून 'कसे करतात' हे दाखवतो : मृत बालकाच्या नावावर पासपोर्ट मिळवणे, मापाप्रमाणे बंदूक घडवून घेणे, सीमा ओलांडणे, आणि दुसऱ्या बाजूला नोंदवह्या चाळत बसलेला शांत स्वभावाचा पोलीस अधिकारी. केइगो हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (2005) या जपानी कादंबरीत खून कोणी केला हे आरंभीच वाचकासमोर येते, आणि तरीही शेवटपर्यंत काहीतरी आपल्यापासून लपलेले असते. अशा पुस्तकांविषयी लिहिताना उत्कंठा कोणत्या प्रश्नावर टांगलेली आहे हे एका वाक्यात सांगावे. तसे वाक्य जुळत नसेल तर बहुधा त्या कादंबरीत उत्कंठेऐवजी नुसती धावपळ असते.

धावपळीचेही मोल असते, हे येथे लगेच सांगितले पाहिजे. प्रत्येक पुस्तक वाचकाला काही कबूल करते आणि ते त्या कबुलीवरच जोखावे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड किंवा धनंजय या त्यांच्या नायकांकडून वाचकाची अपेक्षा वेगाची, वेषांतराची आणि शेवटी न्यायाची होती, आणि ती पुरी होत असे. तेथे मनोविश्लेषण नाही अशी तक्रार करणे गैरलागू आहे. तोच न्याय डॅन ब्राऊनच्या 'द दा विंची कोड'ला (2003) लावावा. शंभरावर छोटी प्रकरणे, बहुतेकांच्या शेवटी उत्सुकतेचा एक आकडा अडकवलेला : ही रचना आपले काम चोख करते, मात्र दुसऱ्या वाचनासाठी तिच्यात फारसे काही उरत नाही. परंतु याच कादंबरीने एक वेगळी कबुलीही दिलेली आहे. आरंभीच्या पानावर काही गोष्टी वस्तुस्थिती म्हणून सांगितल्या आहेत आणि त्यांत 'प्रायरी ऑफ सायन' ही 1099मध्ये स्थापन झालेली खरी संस्था असल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात ती पिएर प्लांतार या गृहस्थाने 1956मध्ये फ्रान्समध्ये उभी केली आणि तिची मध्ययुगीन परंपरा ही त्याची रचलेली गोष्ट होती. कादंबरीकाराला कल्पना लढवण्याची मुभा असते. पण जेथे तो 'हे खरे आहे' असे स्वतःहून लिहितो तेथे पडताळणी करून तसे नमूद करणे वाचकाचे कर्तव्य ठरते.

आता सर्वांत नाजूक भाग : किती सांगावे आणि किती राखून ठेवावे. मलपृष्ठावर जेवढे कथानक छापलेले असते तेवढे सांगायला हरकत नाही, आणि सहसा त्याहून अधिक सांगण्याची गरजही पडत नाही. खुन्याचे नाव कोणीच फोडत नाही. नासाडी होते ती स्तुतीमुळे. 'शेवटचा धक्का कल्पनेपलीकडचा आहे' असे वाक्य वाचून पुस्तक उघडणारा माणूस पहिल्या पानापासून पहारा देत बसतो, प्रत्येक पात्रावर संशय घेतो आणि धक्का येतो तेव्हा तो आधीच सावध असतो. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (1926) आणि गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' (2012) या दोन कादंबऱ्यांचे अशा स्तुतीने अतोनात नुकसान केले आहे. त्यांच्याविषयी मी एवढेच लिहीन की पहिलीत गावातील बोलाचालीचे विनोदी चित्रण दुर्लक्ष करण्याजोगे नाही आणि दुसरीत एका मोडत चाललेल्या संसाराचे दोन्ही बाजूंचे निवेदन शब्दयोजनेसाठी सावकाश वाचावे. शेवटाविषयी बोलायचेच असेल, तर घटनेविषयी न बोलता शेवट आधीच्या पानांतून निघालेला वाटतो की बाहेरून आणून चिकटवलेला, एवढे सांगावे. लेखकाने वाचकासमोर पुरावे ठेवले होते का, हा प्रश्न रहस्यकादंबरीत महत्त्वाचा. भयकादंबरीत तो तितकासा नाही. तेथे स्पष्टीकरण किती दिले हे पाहावे, कारण स्पष्टीकरण वाढले की भय ओसरते. टॉमस हॅरिसचा नरभक्षक खुनी हॅनिबल लेक्टर 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये (1988) पुष्कळसा केवळ गजांआडून बोलतो आणि तेवढ्यानेच अंगावर काटा आणतो; 'हॅनिबल'मध्ये (1999) त्याच्या बालपणाची कारणमीमांसा आली आणि माझ्यापुरता तो राक्षस एक दुःखी, श्रीमंती आवडीनिवडींचा गृहस्थ होऊन बसला.

पुस्तकावर चित्रपट झाला असेल तर मत लिहिताना चित्रपट जाणीवपूर्वक दूर ठेवावा, कारण आठवणीत दोहोंची सरमिसळ होते. 'द शायनिंग' (1977) या किंगच्या कादंबरीवर लिहिणारे अनेकजण स्टॅन्ली कुब्रिकच्या 1980च्या चित्रपटावरच लिहीत असतात. खोली क्रमांक 237 आठवत असेल तर ती चित्रपटातील आहे; पुस्तकात ती 217 आहे. झुडपांचा चक्रव्यूह चित्रपटात आहे. पुस्तकात झुडपे कापून केलेले प्राणी आहेत आणि तळघरातला बॉयलर आहे. किंगने या चित्रपटाविषयीची नापसंती उघडपणे व्यक्त केलेली आहे आणि पुस्तक वाचल्यावर तिचे कारण उमगते. कादंबरीतील बाप मुलावर मनापासून प्रेम करणारा, दारू सोडण्यासाठी झगडणारा आहे आणि तो तीळतीळ ढासळताना आपल्याला दिसतो. चित्रपटातील बाप पहिल्या दृश्यापासूनच धोकादायक वाटतो. झुडपांच्या प्राण्यांनी मला मुळीच घाबरवले नाही, बापाने मात्र घाबरवले. असे परस्परविरोधी निकाल एकाच पुस्तकाविषयी देता येतात आणि ते तसेच द्यावेत; सरासरी काढून तीन तारे देऊ नयेत.

मराठी वाचकापुढे रूपांतराचा प्रश्न विशेष येतो. नारायण धारपांची 'लुचाई' ही किंगच्या 'सालेम्स लॉट'वर (1975) आधारलेली आहे आणि 'शपथ' ही 'इट'वर (1986), हे जाणकारांना ठाऊक आहे. अशा पुस्तकावर 'उचललेले आहे' एवढाच शेरा मारून थांबणे आळशीपणाचे होय. मूळ लपवून ठेवणेही तितकेच अप्रामाणिक. कथा आपल्या मुलखात आणताना कशाची अदलाबदल करावी लागली, हे तपासावे. 'सालेम्स लॉट'मध्ये रक्तपिपासूंना रोखणारा क्रूस आणि त्यामागील श्रद्धा यांच्यावर बराच भार आहे. मराठी गावात तो भार पेलायला काय उभे केले आणि ते तेथलेच वाटते का, यावर रूपांतराचा निकाल अवलंबून असतो. धारपांच्या स्वतंत्र लेखनाविषयी माझे मत असे की त्यांच्या 'समर्थ' मालिकेत आश्वासन अधिक आणि भीती कमी आहे, कारण समर्थ आले की अमंगळाचा पराभव होणार याची खात्री असते. ज्या कथांत असा तारणहार नाही, तेथे धारप अधिक झोंबतात. रत्नाकर मतकरींच्या 'खेकडा'सारख्या गूढकथांना कादंबरीच्या मापाने मोजू नये. ओळखीच्या मध्यमवर्गीय घरात थोडक्या पानांत जे साधते ते चारशे पाने ताणून धरणे हे निराळे कौशल्य आहे, आणि कादंबरीवर लिहिताना तो ताण कुठे सैल पडला हे सांगणे क्रमप्राप्त ठरते. किंगच्या हजारावर पानांच्या 'इट'मध्ये मुलांचा उन्हाळा हा उत्तम भाग आहे, आणि शेवटाकडे राक्षसाचे विश्वव्यापी रूप उलगडू लागते तेव्हा तो ताण पार सुटतो.

स्वतःविषयी एक-दोन वाक्ये मतात जरूर असावीत. लहान मुलांना इजा होण्याचे प्रसंग, प्राण्यांचे हाल, बंदिस्त जागा यांपैकी कशाने आपण विशेष अस्वस्थ होतो, हे सांगितले म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या मतातून स्वतःसाठी हिशेब करता येतो. 'पेट सिमेट्री' (1983) ही कादंबरी मूल असलेल्या आणि नसलेल्या वाचकांना सारखी लागणार नाही. तिच्यातील पुरलेल्या प्राण्यांच्या प्रसंगांपेक्षा शोकाने माणसाचा विवेक कसा पोखरला जातो, याचे चित्रण मला अधिक भीतिदायक वाटले. असे प्रसंग पुस्तकात आहेत एवढी पूर्वसूचना कथानक न फोडता देता येते आणि ती द्यावी.

शेवटी तपशील. आवृत्ती आणि अनुवादकाचे नाव लिहिल्याशिवाय मत पुरे समजू नये. किंगचीच 'द स्टँड' 1978मध्ये कापून छापली गेली आणि 1990मध्ये शेकडो पाने परत घालून पुन्हा प्रसिद्ध झाली. 'फार लांबली आहे' अशी तक्रार करणाऱ्याने कोणती वाचली हे सांगितले नाही, तर तक्रारीला अर्थ राहत नाही. अनुवादात संवाद कृत्रिम वाटले तर एखादे वाक्य उतरवून दाखवावे, आणि मूळ भाषेतील पुस्तक वाचलेले नसेल तर दोष लेखकाच्या खात्यावर लगेच जमा करू नये. लिहून झाले की मसुदा एक रात्र बाजूला ठेवावा. सकाळी त्यातील 'जबरदस्त', 'भन्नाट', 'खिळवून ठेवणारी' ही विशेषणे काढून टाकावीत आणि त्या प्रत्येकाच्या जागी पेन्सिलीने खूण केलेल्या पानावरचा प्रसंग लिहावा.