म्हातारं पॉम घरी आणताना

सांगलीत पांढऱ्या, केसाळ, छोट्या कुत्र्याला सरसकट ‘पॉम’, म्हणजे पोमेरेनियन, म्हणतात. बरेचदा ते असतं इंडियन स्पिट्झ, म्हणजे दिसायला तशीच पण वेगळी जात. हौसेनं पिल्लू आणलं जातं, पुढे मालकाची बदली होते किंवा त्याला जीव लावणारी आजी जाते, आणि आठ-नऊ वर्षांचं कुत्रं सोडलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात येतं. छोट्या जातींची कुत्री १२ ते १५ वर्षं सहज जगतात. म्हणजे अजून बराच काळ ते तुमच्या पायात घुटमळणार आहे, हे धरूनच घरी आणा.

सुरुवातीला निवाऱ्यात दोनदा जा, निदान एकदा खाण्याच्या वेळी. कुत्रं का सोडलं, कुणाला चावलंय का, नसबंदी झालीय का, हे स्पष्ट विचारा. मादीची नसबंदी झाली नसेल तर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. ती अचानक खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली किंवा घाण स्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना.

मग दात बघा. छोट्या जातींचं खरं दुखणं तोंडात असतं. आमची चिंगी आली तेव्हा तिच्या कार्डावर ‘रागीट’ लिहिलं होतं. गालाला हात लागला की गुरगुरायची. डॉक्टरांनी ओठ वर केला, तर मागची दाढ हलत होती आणि हिरडीतून पू येत होता. दाढ काढली, आठवड्याभरात बाई मांडीवर डोकं ठेवून घोरायला लागल्या. तेव्हापासून ‘रागीट’ या शेऱ्यावर माझा विश्वास नाही.

डोळ्यात निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती बहुतेकदा वयानं येते आणि त्यातून बऱ्यापैकी दिसतं. बुबुळामागे दुधासारखं पांढरं दिसलं तर मोतीबिंदूची शंका घ्या.

पहिल्या आठवड्यातच डॉक्टर गाठा. आपल्याकडे बऱ्याच डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, त्यामुळे कुत्री नेहमी बघणारा शोधा. हृदय तपासून घ्या, कारण म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांची झडप गळते. रक्तात किडनी, लिव्हर आणि प्लेटलेट बघायला सांगा. गोचीड-तापात प्लेटलेट उतरतात. रेबीजची लस कार्डावर नसेल तर घ्यायची. मोठं काही निघालं तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

घरी गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी टाका. यांची गुडघ्याची वाटी पटकन सरकते. श्वासनलिका नाजूक असते, म्हणून गळपट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा. पहिले पंधरा दिवस आंघोळ नको, पाहुणे नकोत, ‘बघू बघू’ म्हणत उचलणं तर मुळीच नको. चिंगी तीन दिवस चपलांच्या कपाटामागे बसून होती. आम्ही फक्त खाण्याची वाटी तिच्याकडे सरकवायचो. खाणं निवाऱ्यातलंच चालू ठेवा आणि आठवडाभरात हळूहळू बदला.

आता सांगली-तासगावकरांसाठी खास. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात. किती खाल्ले तर चालतील, याचा भरवसा नाही. पाच किलोच्या जिवाला मूठभरसुद्धा लागत नाहीत. आणि आपल्या घरात बेदाणा कुठे नसतो? सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातसुद्धा! कांदा-लसूणही वर्ज्य. बेदाणे खाल्लेत असं कळलं, तर उलटी होईपर्यंत वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

नदीकाठी राहत असाल तर पावसाळ्याआधी पिंजरा आणून त्यातच त्याला झोपायची सवय लावा. २०१९ च्या पुरात ऐनवेळी धावपळ करणारे आपण सगळ्यांनी बघितलेत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की लसीचं कार्ड, औषधं आणि चार दिवसांचं खाणं त्या पिंजऱ्याशेजारी पिशवीत भरून ठेवा.