ए-४००एम एवढं का रखडलं? लष्करी विमानाच्या प्रोजेक्टचा माग कसा काढायचा

नवीन लष्करी विमान लेट झालं, खर्च वाढला अशी बातमी आली की ग्रुपवर दोनच मेसेज फिरतात, एक म्हणजे इंजिनिअर लोकांना काही येत नाही आणि दुसरा म्हणजे कुणीतरी पैसे खाल्ले. मी बरीच वर्षं मालवाहू विमानांच्या बातम्या वहीत टिपून ठेवतोय आणि माझं आता ठाम मत झालंय की विमान कुठे अडकणार हे बहुतेक वेळा करारावर सही झाली त्या दिवशीच ठरलेलं असतं, फक्त ते दिसायला पुढची सहा-सात वर्षं जातात. ते आधी कसं ओळखायचं ते इथे सांगतो, आणि त्यासाठी युरोपातल्या एअरबस कंपनीचं ए-४००एम हे लष्करी मालवाहू विमान घेऊया कारण त्याच्याइतकं भरलेलं उदाहरण दुसरं नाही.

आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन तारखा लिहा. करार कधी झाला, पहिलं उड्डाण कधी झालं आणि पहिलं विमान हवाई दलाच्या हातात कधी पडलं. प्रत्येकीच्या शेजारी मुळात ठरलेली तारीख पण लिहा. ए-४००एमचा करार २७ मे २००३ चा. पहिलं उड्डाण २००८ च्या सुरुवातीला व्हायचं होतं, झालं ११ डिसेंबर २००९ ला. पहिलं विमान फ्रान्सला २००९ मध्ये मिळायचं होतं, मिळालं २०१३ च्या ऑगस्टमध्ये. कागदावर हे शेजारी शेजारी लिहिलं की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते, ज्या वर्षी पहिलं विमान ताब्यात द्यायचं होतं त्या वर्षाच्या डिसेंबरात ते पहिल्यांदा हवेत गेलं. आता प्रश्न नीट विचारता येतो, उड्डाणाआधी नक्की काय अडलं?

अजून एक तारीख असते, तिला मात्र फार महत्त्व देऊ नका, ती म्हणजे रोलआउटची. स्पेनमधल्या सेव्हिलच्या कारखान्यात २६ जून २००८ ला स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांच्यासमोर हे विमान बाहेर काढलं, फोटो झाले, भाषणं झाली, आणि ते उडायला त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष लागलं. रंगवलेलं विमान हँगरच्या बाहेर येणं आणि उडायला तयार होणं यात फार अंतर असतं.

यानंतर मागे जायचं, गरज कुठून आली ते बघायला. १९८२ मध्ये युरोपातल्या कंपन्या आणि अमेरिकेची लॉकहीड असे एकत्र बसले, जुन्या हर्क्युलिस आणि ट्रान्सॉल या मालवाहू विमानांच्या जागी नवीन काहीतरी करू म्हणून. १९८९ ला लॉकहीड बाहेर पडली आणि तिने स्वतःचंच हर्क्युलिस सुधारून सी-१३०जे केलं. म्हणजे २००३ च्या सहीआधी २१ वर्षं नुसती चर्चाच. आणि चर्चा जेवढी लांबते तेवढी मागण्यांची यादी वाढते, हे घर बांधताना पण होतं ना, प्लॅन दोन वर्षं घरात पडून राहिला की प्रत्येक नातेवाईक एक खोली वाढवून जातो. इथे हर्क्युलिसच्या जवळजवळ दुप्पट म्हणजे ३७ टन माल हवा, खडबडीत धावपट्टीवर उतरायला हवं, जेटच्या जवळपास वेग हवा, ११६ पॅराट्रूपर म्हणजे छत्रीने उडी मारणारे सैनिक मावायला हवेत, दुसऱ्या विमानांना आणि हेलिकॉप्टरला हवेतच इंधन देता यायला हवं. जर्मनीने तर प्युमा हे चिलखती वाहनच असं आखलं की जादा चिलखत काढून ते या विमानात मावेल. यातली एकेक मागणी रास्तच आहे, सगळ्या एकाच विमानात पहिल्याच झटक्यात मागितल्या हे खरं अवघड काम.

आता गिऱ्हाईक मोजा. सात देश, १८० विमानं. जर्मनी ६०, फ्रान्स ५०, स्पेन २७, ब्रिटन २५, तुर्कस्तान १०, बेल्जियम ७ आणि लक्झेंबर्ग १. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका, कारण ज्याची जेवढी विमानं तेवढं काम त्याच्या देशात गेलं पाहिजे असा हिशोब त्यामागे असतो. त्यामुळे पार्ट कोण चांगला करतो यापेक्षा कोणाच्या वाट्याला किती काम आलंय हे आधी बघितलं जातं. प्रोजेक्टच्या बातमीत "सहभागी देश" असा शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलने रेघ मारा.

याचा सगळ्यात मोठा परिणाम इंजिनावर झाला, आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे म्हणून इथे जरा थांबू. एअरबसकडे कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीची बोली होती आणि ती स्वस्त होती. पण इंजिन युरोपातलंच हवं असा सरकारांचा आग्रह पडला आणि काम गेलं युरोप्रॉप नावाच्या नव्या जोडकंपनीकडे, ज्यात ब्रिटनची रोल्स-रॉइस, फ्रान्सची स्नेक्मा, जर्मनीची एमटीयू आणि स्पेनची आयटीपी असे चार भागीदार. इंजिनाचं नाव टीपी-४००, एकेक इंजिन ११,००० हॉर्सपॉवरच्या आसपास, पश्चिमेकडच्या देशांत एवढं ताकदवान टर्बोप्रॉप (प्रोपेलर फिरवणारं टर्बाइन इंजिन) आधी कुणी कारखान्यातून काढलेलंच नव्हतं. म्हणजे नवं विमान, नवं इंजिन, नवी कंपनी आणि सगळ्याची किंमत आधीच ठरलेली, साधारण २० अब्ज युरो. आधी एक नमुना बनवून बघू, धोके कळू देत, मग ऑर्डरचं बोलू असा टप्पाच ठेवला नव्हता, डेव्हलपमेंट आणि उत्पादन एकाच करारात बांधून टाकलं, जसं प्रवासी विमान विकतात तसं. माझ्या वहीत या ओळीला लाल शाई आहे.

मग अडलं कुठे? इंजिन फिरत होतं, जोर देत होतं. अडलं त्याच्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर. या विमानाला युरोपच्या नागरी विमान सुरक्षा संस्थेचं सर्टिफिकेट पण घ्यायचं होतं आणि त्यांच्याकडे नुसतं सॉफ्टवेअर चालतंय एवढं पुरत नाही, प्रत्येक ओळ कुठल्या गरजेतून आली, कुणी तपासली, कशी तपासली याचा माग कागदावर लागतो. तो नीट नव्हता, म्हणून मोठा भाग परत करावा लागला. इंजिन पहिल्यांदा हवेत गेलं ते डिसेंबर २००८ मध्ये, तेही एका जुन्या हर्क्युलिसच्या पंखाला लावून. तोवर सेव्हिलला विमान उभंच. तेव्हा बातमीत "सॉफ्टवेअरमुळे विलंब" असं आलं की कोड चुकला असं लगेच समजू नका, कागदपत्रं अपुरी असली तरी तेवढीच वर्षं जातात.

एक घरबसल्या करायचा अभ्यास सांगतो. ए-४००एमचा समोरून काढलेला मोठा फोटो उघडा आणि एकाच पंखावरच्या दोन प्रोपेलरच्या पात्यांचा बाक नीट बघा. आठ-आठ पाती आहेत, कोयत्यासारखी वळलेली, आणि एकीचा बाक दुसरीच्या उलटा आहे. कारण एकाच पंखावरचे दोन पंखे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरतात, दोघांचीही पाती दोन इंजिनांच्या मधल्या जागेत वरून खाली येतात. त्यामुळे पंखावरचा वारा समतोल राहतो आणि पंख, शेपटी थोडी हलकी करता येते. फायदा खरा आहे. पण इंजिनं तर चारही सारखीच, मग उलटं फिरवणार कसं, तर गिअरबॉक्समध्ये जादा चाक घालून. म्हणजे दोन जातींचे गिअरबॉक्स, दोन जातींचे प्रोपेलर, दोघांचे वेगळे स्पेअर. आणि २०१६ मध्ये गिअरबॉक्समधल्याच एका भागाला तडे जायला लागले, तपासणी इतकी वाढवावी लागली की काही ठिकाणी दर २० तासांच्या उड्डाणानंतर बघायचं. नवीन विमानाचा फोटो आला की वेगळं काय दिसतंय ते शोधायची सवय लावा, पुढच्या दुखण्याची जागा बऱ्याचदा तिथेच असते.

पैशांच्या बातम्या वाचताना एक लक्षात ठेवा, ठरलेली किंमत ओलांडली की कोणीतरी ती भरतोच, कोण ते शोधा. जानेवारी २००९ ला किमान तीन वर्षं उशीर होणार हे जाहीर झालं. जानेवारी २०१० मध्ये एअरबसचे प्रमुख टॉम एन्डर्स यांनी उघड सांगितलं की सरकारांनी हात दिला नाही तर प्रोजेक्ट बंद करावा लागेल. मार्चमध्ये तोडगा निघाला, सरकारांनी २ अब्ज युरो वाढवून दिले आणि पुढे निर्यात झाली की परत करायचे असे आणखी दीड अब्ज. त्यात विमानं १८० ची १७० झाली, जर्मनीने ७ कमी केली आणि ब्रिटनने ३. दक्षिण आफ्रिकेने आपली ८ विमानांची ऑर्डर त्याआधीच, २००९ मध्ये, रद्द केली होती. बाकीचा भार कंपनीवर, २०१६ या एकाच वर्षात एअरबसने या विमानापोटी २.२ अब्ज युरोचा तोटा हिशोबात धरला. "खर्च वाढला" असं वाक्य आलं की हे दोन खिसे वेगळे करून लिहा, करदात्याचा आणि कंपनीचा.

आता अपघात. ही गोष्ट लिहिताना हात जड होतो पण टाळून चालणार नाही. ९ मे २०१५, सेव्हिल. तुर्कस्तानसाठी बनवलेलं नवंकोरं विमान कारखान्यातून पहिल्यांदा उडालं, आत सहा जण. उड्डाण झाल्यावर चारपैकी तीन इंजिनांनी वैमानिकांचं ऐकणं सोडलं, पॉवर अडकून बसली, कमी केली तर परत वाढेना. विमान परत वळवायचा प्रयत्न करताना विजेच्या खांबाला लागून पडलं. चार जण गेले, दोघे वाचले.

कारण समजून घ्यायला बाजारातला वजनकाटा आठवा. काटा कितीही चांगला असला तरी तो आधी शून्यावर आणून, प्रमाण वजनाशी जुळवून घ्यावा लागतो, आणि प्रत्येक काट्याची जुळवणी वेगळी. इंजिनात तसंच, दांडा किती पिळतोय म्हणजे किती जोर लागतोय हे सेन्सर सांगतो आणि त्या सेन्सरचा अर्थ लावायला प्रत्येक इंजिनाचे स्वतःचे आकडे कंट्रोल युनिटमध्ये भरलेले असतात. त्या विमानात सॉफ्टवेअर टाकताना तीन इंजिनांचे हे आकडे पुसले गेले. जोर किती आहे हेच कळेना म्हणून युनिटने बिघाड धरून इंजिन आवरलं, आणि जमिनीवर असताना वैमानिकांना याचा इशारा मिळेल अशी सोयच नव्हती. जमिनीवर एक लाल दिवा लागला असता तर ते उडालेच नसते, मला अजून हेच खुपतं. म्हणून अपघाताची बातमी वाचताना "कोणाची चूक" या प्रश्नाआधी "ही चूक कुठे पकडली जायला हवी होती" असं विचारा, आणि तपास पूर्ण व्हायच्या आत निकाल देऊ नका, त्या चार घरांचा तेवढा मान राखायलाच हवा.

शेवटचा भाग लोक विसरतात. विमान मिळाल्यावर काय करतंय ते पण लिहायचं, नाहीतर वही एकतर्फी होते. सुरुवातीला मिळालेली ए-४००एम अर्धीच होती म्हणा, माल नेत होती पण लढाऊ कामाच्या बऱ्याच गोष्टी नंतर टप्प्याटप्प्याने आल्या, हेलिकॉप्टरला इंधन द्यायचं तर फारच उशिरा जमलं कारण विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यात हेलिकॉप्टर सुरक्षित जवळ येईना. पण ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधून माणसं काढताना ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, स्पेन, तुर्कस्तान, बेल्जियम सगळ्यांची हीच विमानं जात येत होती, एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये पण. ब्रिटनने तर २०२३ च्या जूनमध्ये आपली हर्क्युलिस कायमची उतरवली आणि सगळा भार यावर टाकला. रखडलेलं विमान वाईटच असतं हे समीकरण इथे चुकतं.

हे सगळं आपल्याकडे वापरायचं असेल तर मटेरियल भरपूर आहे. रशियाबरोबर २० टनी मालवाहू विमान बनवायचं २००७ ला ठरलं, २०१२ ला एचएएल म्हणजे आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्ससोबत डिझाइनचा करार झाला आणि मग ते बारगळलं, तिथेही इंजिनावरूनच जुळेना. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये हवाई दलाने १८ ते ३० टन वाहणाऱ्या विमानासाठी माहिती मागवली आणि त्यात ब्राझीलच्या एम्ब्राएरचं सी-३९०, लॉकहीडचं सी-१३०जे आणि हेच ए-४००एम अशी तीन नावं चर्चेत आली. यावर वाद घालायचा तर "कुठलं भारी" इथून सुरुवात करू नका. भारतात किती काम होणार, कुठला पार्ट, आणि तो पार्ट इथे आधी कुणी बनवलाय का, हे आधी विचारा. तयार विमान घेतोय का नव्याने आखायला लावतोय हे विचारा. आपल्या मागण्यांनी विमान बदलणार असेल तर त्या बदलाची टेस्टिंग कोणाच्या वेळेत होणार हे पण.

सरावासाठी एअरबसचंच सी-२९५ हे मालवाहू विमान घ्या, ते लहान आहे आणि समोर घडतंय. सप्टेंबर २०२१ चा करार, ५६ विमानं, २१,९३५ कोटी रुपये, पैकी १६ सेव्हिलहून उडून यायची आणि ४० टाटाने वडोदऱ्यात बनवायची असं ठरलं. पहिलं विमान सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच सेव्हिलला आपल्या हवाई दलाला मिळालं, ठरल्याप्रमाणे, कारण विमान आधीच बनत होतं, उडत होतं. वडोदऱ्याचा कारखाना २८ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला आणि तिथलं पहिलं विमान करारात सप्टेंबर २०२६ ला धरलंय. माझ्या वहीत या पानावर "ठरलेली तारीख" हा रकाना भरलाय, शेजारी "झालेली तारीख" साठी जागा सोडलीय, तुम्हीपण सोडा.