मृगाआधी मान मोकळी करा : खडकबागेतल्या पट्टेरी झाडांसाठी

मृग आठ-दहा दिवसांवर आलाय. पिवळ्या काठाची घायपात, पांढऱ्या काठाचं सेडम, स्नेक प्लांट असं काही खडकबागेत लावलं असेल, तर आज संध्याकाळी झाडाच्या मानेशी, म्हणजे खोड मातीला भिडतं तिथे, बोट घालून पाहा. बोट काळ्या मातीत रुतलं, तर ते झाड जुलैत जाणार.

आपल्या खान्देशात खडकबाग म्हणजे काळ्या वावरात दीड फुटाचा खड्डा, त्यात झाड आणि वर देखणे दगड. मे महिन्यात ४४-४५ अंशांना ही माती हात जाईल एवढी फाटते, म्हणून वाटतं पाणी छान मुरतंय. दोन पाऊस पडले की माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्ड्याचं टाकं होतं. गेल्या पावसाळ्यात धुळ्याजवळ एका फार्महाउसवर गेलो होतो. घायपात वरून ठणठणीत. मधला कोंब धरला तर अलगद हातात आला, खाली तपकिरी बुळबुळीत लगदा, वास कुजक्या कांद्याचा. मालकाने तोवर दुकानदाराच्या सांगण्यावरून दोनदा महागडं टॉनिक ओतलं होतं. बुडणाऱ्याला पाणी पाजल्यासारखं!

करायचं एवढंच : जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंचवटा. तीन घमेली जाड मुरूम, एक घमेलं वाळू, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. काळी माती मूठभरही नको. उतार एका बाजूला काढा आणि मानेभोवती दोन इंच खडी टाका. जुना खड्डा तसाच ठेवायचा असेल तर त्यात बादलीभर पाणी ओता. तासाभरात उतरलं नाही तर झाड उचला.

बाकीची कामं :
- खालची वाळकी, कुजकी पानं काढणे
- निव्वळ हिरवा फुटवा तळापासून काढणे. तो जोमाने वाढून पट्टेरी भाग दाबतो
- स्नेक प्लांटचा गड्डा फोडून लावणे. पानाचा तुकडा लावला तर पिवळा काठ जातो, रोप साधं हिरवं निघतं
- पावसाळ्यात युरिया बंद

मानकूज दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, लिटरला अडीच ग्रॅम, बुंध्याशी ओता. ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) शेणखतातून द्यायचा असेल तर तांब्याच्या औषधानंतर पंधरा दिवस थांबा, नाहीतर बुरशीनाशकाने तोच मरतो. माझा अनुभव, पुस्तकातला नाही : दगड उचलल्यावर खाली गांडुळं दिसली की त्या जागी घायपात टिकत नाही. आणि काळा पाषाण पानाला टेकू देऊ नका, मे महिन्यात पांढरा काठ तिथेच भाजतो.

ऑनलाइन चित्र पाहून पट्टेरी अरेबिस मागवणाऱ्यांना एक सांगतो. ते थंड डोंगरातलं झाड. बर्फ सोसतं, पण ओली मान आणि जळगावचा मे नाही. तोरणमाळवर हौस करा. खाली नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुंडीत ठेवा, पुढे पैसे गेलेच समजा.

घायपात आधीच मऊ पडली असेल तर तिच्या बाजूची पिल्लं तपासा. घट्ट लागली तर सोडवा, काप सावलीत आठवडाभर वाळू द्या, कोरड्या मुरमात लावा आणि पुढचे आठ दिवस पाण्याचा थेंब नको.