अडीच फुटी खाऱ्या टाकीत कोणते मासे सोडायचे

टाकी भरली त्या दिवशी शेजारचे काका दारातूनच म्हणाले, “काय रे बापू, आपल्या बोअरचं पाणी खारंच हाये ना, मंग मिठाचे पैसे कायले देतं?” दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण समुद्राच्या एका लिटरात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण ठरलेलं असतं. आपलं बोअर चहा बिघडवण्याइतकं खारं आहे, समुद्राइतकं नाही, आणि त्यातले क्षारही वेगळे. म्हणून आरओचं पाणी आणि त्यात टाकीसाठीचं समुद्री मीठ, एवढंच चालतं. खायचं मीठही नको. गावातल्या जारचं पाणी घेणार असाल तर आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावा. आमच्या जारचा आकडा दर आठवड्याला वेगळा येतो, म्हणून मी घरच्या आरओला उरलेसुरले क्षार काढणारं डीआय कार्ट्रिज जोडलं.

मी मोटार वाइंडिंगचं काम करतो. लाइन कधी जाते आणि गेली की काय काय बंद पडतं, हे मला धंद्यामुळे पाठ आहे. तरी पहिल्या उन्हाळ्यात फसलो. शहरातल्या एका दुकानात पोरीला निळा टँग आवडला, दुकानदार म्हणाला “आरामात राहील”, आणि मी घेऊन आलो. मे महिन्यात वादळ आलं, तारांवर झाड पडलं, रात्रभर लाइन नाही. सकाळी पाणी 32 डिग्री आणि टँग तळाशी आडवा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात पंप बंद. शिवाय तो मासा मोठेपणी फूटभर होतो आणि दिवसभर पोहत असतो, हे मला नंतर कळलं. वाचला असता तरी माझ्या टाकीत त्याची कोंडीच झाली असती.

तेव्हापासून मी मासा रंगावर घेत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात, पंप चार तास बंद असताना, हा माझ्या टाकीत तग धरेल का, एवढंच बघतो. अडीच बाय सव्वा बाय सव्वा फुटाच्या टाकीत वाळू-दगड जाऊन नव्वद लिटरच्या आसपास पाणी उरतं. त्यात लहान मासे तीन, फार तर चार. जितके मासे कमी, तितका लाइन गेल्यावर प्राणवायू जास्त वेळ पुरतो.

सुरुवात करणाऱ्याने ऑसेलॅरिस क्लाउन घ्यावा. केशरी, पांढरे पट्टे, तीन-साडेतीन इंचांचा. टाकीतच जन्मलेला मागा. आपल्या देशात केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे. असा मासा कोरडं खाद्य खातो आणि आजारही कमी आणतो. जोडी घेताना दोन्ही लहान, पण एक थोडा मोठा असे निवडा. यांची पिल्लं सगळी नरच असतात; जोडीतला जो वरचढ ठरतो, तो मादी होतो. राहायला समुद्रफूल (ॲनिमोन) नसलं तरी यांचं काही अडत नाही.

माझा जीव मात्र वॉचमन गोबीवर आहे. याच्यासोबत पिस्तूल कोळंबी ठेवता येते. कोळंबीला धड दिसत नाही, ती बिळ खोदते आणि आपली मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी तोंडाशी बसून जागली करतो. काही हललं की शेपटी थरथरवतो, दोघं आत. रानडुकरांसाठी रात्र रात्र मचाणावर काढलेल्या माणसाला हे बघताना जेवणाची आठवण राहत नाही.

फायरफिश शांत आहे, पण घाबरला की उडी मारतो. काचेचं झाकण लावलं तर उष्णता कोंडते. मी पीव्हीसी पट्टीच्या चौकटीवर डासांची नायलॉन जाळी ताणली आणि वरून छोटा पंखा सोडला. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन डिग्री उतरतं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून रोज भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो. पाणी 25-26 डिग्रीवर, क्षाराचा आकडा (साध्या पाण्याच्या मानाने हे पाणी किती जड, ते) 1.025 वर ठेवायचा. चार्जिंगचा एअर पंप तर हवाच.

बांगाई कार्डिनलही चालतो, पण एकच. हा दिवसा खाणारा, संथ मासा.

आता नको ते. निळा डॅमसेल स्वस्त असतो, म्हणून दुकानदार तोच आधी पुढे करतो. धुऱ्यावरून भांडणाऱ्या भावकीसारखा तो नंतर आलेल्या प्रत्येकाला टोचतो, आणि दगड न उपसता हाती लागत नाही. मँडरिन पैठणीसारखा दिसतो, पण त्याला दिवसभर जिवंत बारीक जीव टिपायला लागतात. लहान टाकीत ते संपतात आणि तो हळूहळू उपाशी मरतो. समुद्रघोडा आणि जिवंत प्रवाळ कोणी दाखवलं तर हात लावू नका, 2001 पासून ते वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत.

दुकानात पैसे देण्याआधी मासा तुमच्यासमोर खातो का ते बघा. “आत्ताच खाल्लं त्याने” हे ऐकून घेऊ नका. पोट खपाटीला गेलेलं, कल्ले भरभर हलणारे, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असला मासा सोडून द्या. दुकानातल्या पाण्याचा क्षाराचा आकडा विचारून लिहून घ्या. मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या पेटीत मासा मूर्तिजापूरला उतरेपर्यंत पिशवीत माशाच्या घाणीचा अमोनिया साठलेला असतो, आणि पिशवी उघडली की तो जास्त विषारी होतो. म्हणून थेंब थेंब पाणी सोडत तास घालवू नका. घरी वेगळ्या टबात त्याच आकड्याचं पाणी तयार ठेवा, पिशवी तरंगवून तापमान जुळवा आणि मासा लगेच सोडा. रोग टाकीत जाऊ नये म्हणून चार आठवडे त्याच टबात राहू द्या.

टाकीही आधी महिना-दीड महिना मुरलेली, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार झालेली हवी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय काही आणू नका. क्लाउनची जोडी शेवटी. आधी आली तर अख्ख्या टाकीचा सातबारा आपल्याच नावावर समजते. मी ऑक्टोबरात गोबी आणला, डिसेंबरात कार्डिनल, फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्लाउन. मार्च लागला की खरेदी बंद, आणि पंख्याचे बेअरिंग तेल घालून तयार ठेवतो.