चांदोलीच्या कडेला आकाशदर्शन ठेवायचं तर

जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेलं उद्यान) म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून 'चांदोलीत तारे दाखवा' म्हणणारे वाढलेत. राष्ट्रीय उद्यानात रात्री सोडत नाहीत, आणि ते बरंच आहे. कार्यक्रम उद्यानाबाहेर, मणदूरच्या बाजूला, भात निघालेल्या वावरात घ्या. जागा दिवसा चालून बघा. बांध नि विहीर अंधारात शोधायची वेळ येऊ नये. वनखात्याला आणि पोलीस पाटलांना आधी कळवा. गव्यांचा भाग आहे, एकट्यानं कुणी लांब जायचं नाही.

तारीख डिसेंबर-जानेवारीतल्या अमावस्येच्या आसपासची धरा. 'पौर्णिमेला चंद्र मस्त दिसेल' असा आग्रह होतो. सरळ नाही म्हणा.

खरी झुंज उजेडाशी. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका फ्लॅशनं सगळं मुसळ केरात. बॅटरीला लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळून रबर लावा. एकेरी पुरत नाही. गाड्या तोंड रस्त्याकडं करून आणि लांब लावायला सांगा, म्हणजे लवकर निघणाऱ्याचे दिवे लोकांवर पडत नाहीत. किल्लीचं बटण दाबलं तरी गाडी लुकलुकते, तेही बजावा.

दुर्बीण पहिला तासभर झाकूनच ठेवा. ती दिसली की लोक रांग धरतात आणि वर बघायचं राहून जातं. सुरुवात मृगापासून. तीन ताऱ्यांचा बाण दाखवा. ती रेष एकीकडं व्याधाला भिडते, दुसरीकडं तांबूस रोहिणीवरून कृत्तिकांकडं जाते. इथं एखादे आजोबा हमखास म्हणतात, "मृग तर जूनमधी निघतो की!" हा प्रश्न सोन्यासारखा, घाईनं उडवू नका. जूनमध्ये सूर्य मृगात असतो, म्हणून पेरणीच्या दिवसांत ते नक्षत्र उजेडात बुडालेलं असतं. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या अंगाला गेली की तेच रात्रभर डोक्यावर. एका पोराला सूर्य करून मधे उभं करा, आजोबांना पृथ्वी. मला तर कुठल्याही यंत्रापेक्षा हाच भाग आवडतो.

ध्रुव इथून जेमतेम सतरा अंश वर, त्यामुळं उत्तरेला डोंगर असला तर त्याचा नाद सोडा. दक्षिणेला अगस्त्य हा ठळक तारा मिळतो. तारे दाखवायचा हिरवा लेसर एकाच्याच हातात, आणि विमान दिसलं की बंद.

मग दुर्बीण. मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, फोटोत गुलाबी असतो, डोळ्याला करड्या धुरासारखा दिसतो, हे आधीच सांगा, नाहीतर "एवढंच?" ऐकावं लागतं. थेट न बघता नजर जरा बाजूला ठेवली की तो जास्त पसरलेला दिसतो. दुर्बिणीला धक्का नको, म्हणून बघताना हात मागं बांधायला लावा. पृथ्वी फिरत असते, म्हणून दर दोघा-तिघांनंतर नेम पुन्हा धरावा लागतो.

धरणाजवळ दव फार. ओल्या भिंगावर रुमाल फिरवू नका. झाकून घरी न्या आणि तिथं उघडं ठेवून वाळू द्या.